फ्योर्ड घोडा घ्यायचा, सांभाळायचा, निरोप द्यायचा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्योर्ड घोड्यांवर, म्हणजे नॉर्वेच्या या बुटक्या दणकट जातीवर, एक पान लिहिलं होतं, त्यावर नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या मराठी मंडळींची इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यांनाच देऊन टाकलाय. लांबलचक पत्रं छोटी केलीत, नावं काढलीत. मी व्हेट नाही हे आधीच सांगते, इथे वेस्टलांडमधे, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, घोडी पाळणारी बाई आहे, त्यामुळे औषधाचे डोस मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना.

प्रश्न: ताई, मुलगी अकरा वर्षांची आहे, राइडिंग स्कूलमधे फ्योर्डवर बसते आणि आता घरात दुसरा विषयच नाही. नवरा म्हणतो एवढुसा घोडा, ती दोन वर्षांत उंच झाली की विकावा लागेल, मग घ्यायचा कशाला? घ्यावा का, आणि घेताना काय बघायचं? – एक वाचक, बर्गन

उत्तर: यजमानांना म्हणावं उंची नका बघू, हाडपेर बघा. फ्योर्ड साधारण 135 ते 150 सेंटीमीटर उंच, वजन 400 ते 500 किलो, पाय आखूड आणि जाड. ट्रॅक्टर यायच्या आधी या डोंगरउतारांवर नांगर ओढणं, जंगलातून लाकूड आणणं, रविवारी घरच्यांना चर्चला नेणं सगळं यानेच केलंय. मोठा माणूस आरामात बसतो त्याच्यावर, तुमचे यजमान पण बसतील, त्यामुळे मुलगी उंच झाली म्हणून घोडं अडणार नाही.

अडेल ते दुसरीकडे. फ्योर्ड शांत असतो हे खरं, पण शांत असणं आणि शिकवलेला असणं यात फार फरक आहे. नीट न शिकवलेल्या फ्योर्डने एकदा मान खाली घालून गवताकडे वळायचं ठरवलं ना, की अकरा वर्षांची मुलगी दोराच्या टोकाला फरफटत जाते आणि याला पत्ताही नसतो की आपण काही चुकीचं केलंय. म्हणून घेण्याआधी त्याला बाकीच्या घोड्यांपासून एकट्याला लांब नेऊन बघा, चारी पाय उचलून देतो का, ट्रेलरमधे चढतो का, रस्त्यावर ट्रक गेला की काय करतो, आणि हे सगळं विकणाऱ्याने नाही तुम्ही करून बघायचं.

मग खूर बघा, अगदी खाली बसून. खुरावर आडव्या वळ्या असतात, त्या पुढून मागेपर्यंत समांतर असल्या तर ठीक, पण पुढे जवळजवळ आणि टाचेकडे रुंद होत गेलेल्या दिसल्या तर या घोड्याला आधी लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दुखरा आजार, होऊन गेलेला असू शकतो, मग पुढच्या पायांचे एक्सरे काढल्याशिवाय पैसे देऊ नका. शेपटीचं मूळ आणि आयाळ घासून घासून झिजलीय का तेही बघा. बारीक माशांच्या चाव्याची ॲलर्जी असते काहींना, ती उन्हाळ्यात दिसते आणि असे घोडे हमखास हिवाळ्यात विकायला निघतात. ओळखीची चिप आणि घोड्याचा पासपोर्ट नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

सोबतीची गरज भागवायची हे तर नॉर्वेच्या नियमातच आहे, घोड्याला घोड्याची सोबत लागते. म्हणजे घरामागे एकच बांधला असं चालणार नाही, एकतर दोन घ्या नाहीतर कुणाच्या तरी तबेल्यात जागा शोधा. माझं ऐकाल तर आधी वर्षभर कुणाचा तरी घोडा फोरव्हर्ट म्हणून घ्या, म्हणजे मालकी त्यांची आणि चारापाणी, नालबंद, कष्ट तुमचे. बरीच घरं यातच शहाणी होतात. कारण साधा हिशोब करा, मुलगी अकराची, घोडा समजा सहाचा, ती एकोणिसाव्या वर्षी ओस्लोला शिकायला जाईल तेव्हा घोडा चौदाचा असेल आणि त्याच्यापुढे अजून दहा पंधरा वर्षं असतील, फ्योर्ड पंचवीस तीस सहज काढतात. तेव्हा पहाटे काळोखात चारा टाकायला तुम्हीच असणार, तर प्रश्न मुलीला हवाय का हा नाहीच, तुम्हाला हवाय का हा आहे.

प्रश्न: सगळे फ्योर्ड एकसारखेच दिसतात मग ओळखायचे कसे? आणि ती आयाळ कापायलाच लागते का? – एक वाचक, स्टाव्हांगर

उत्तर: रंग पाच आहेत: तपकिरी, तांबूस, राखाडी, पांढरट आणि पिवळसर. दहातले जवळजवळ नऊ तपकिरीच असतात आणि पिवळसर अगदी क्वचित, म्हणून तुम्हाला सगळे सारखे वाटतात. पाठीवरून शेपटीपर्यंत गडद पट्टा सगळ्यांनाच असतो आणि बऱ्याच जणांच्या पायांवर झेब्र्यासारख्या रेघाही. थोडे दिवस रोज बघितलंत की चेहऱ्यावरूनच ओळखायला लागाल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोकांनी मोठा घोडा हवा म्हणून याचा डोले या नॉर्वेच्याच दुसऱ्या जातीशी संकर केला होता, पण पुढच्या पिढ्यांत रंग आणि स्वभाव काहीही निघायला लागला, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सगळं रक्त वेगळं काढून परत शुद्ध फ्योर्डवर आले. 1891 सालचा न्यॉल नावाचा वळू घोडा, आजचे जवळपास सगळे फ्योर्ड त्याचेच वंशज मानले जातात.

आयाळ कापलीच पाहिजे असं नाही, घोड्याला काही पडलेली नसते. पण न कापलेली वाढून एका बाजूला पडते आणि खाली घाम साचतो. कापायची असेल तर आधी ब्रशने सगळी सरळ उभी करा, मग मानेच्या वळणाप्रमाणे कमानीत कापा, कानांमागे आखूड, मधे उंच, पाठीकडे परत आखूड. मधले केस काळे आणि दोन्ही बाजूंचे पांढरट असतात ना, तर बाजूचे बोटभर खाली घ्यायचे, म्हणजे मधली काळी रेघ वर उठून दिसते. हात थरथरला तर पायऱ्या पडतात, पण महिन्याभरात बुजतात. मे महिन्यात नॉर्डफ्योर्डाइडला वळू घोड्यांचं प्रदर्शन असतं तिथे जाऊन चार माना बघून या, कुठलाही व्हिडिओ बघण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न: आमची घोडी दहा वर्षांची, मस्त गुबगुबीत आहे. नालबंद म्हणाला मानेवरची चरबी कडक झालीय, चारा कमी करा. कमी केला तर बिचारी दिवसभर गेटपाशी उभी राहून माझ्याकडे बघते. सासूबाई म्हणतात मुक्या जनावराला उपाशी ठेवणं पाप आहे. काय करू? – एक वाचक, ओडेन्स, डेन्मार्क

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण या बाबतीत नालबंदाचं ऐका, आणि आजपासून ऐका.

ही जात ओल्या, उताराच्या, निकृष्ट गवताच्या मुलखात घडलीय. थोडक्यात भागवायचं आणि मिळेल तेव्हा अंगावर साठवून ठेवायचं हे तिच्या रक्तात आहे. तिला तुम्ही खत घातलेल्या हिरव्यागार कुरणात सोडलंत की ती साठवतच जाते आणि एका टप्प्यावर शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. इन्सुलिन वाढलेलं राहिलं की खुराची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारा थर सैल होतो, हाड आतल्या आत फिरतं किंवा खाली बसतं, हाच लॅमिनायटिस. म्हणजे तुमच्या लेखी पोटभर खाणं आणि तिच्या लेखी प्रत्येक पावलाला कळ. गेटपाशी उभी राहून बघते ते मला माहिती आहे, सगळेच फ्योर्ड बघतात, पोट भरलेलं असलं तरी बघतात, त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

पण कमी करायचं म्हणजे अंदाजपंचे नाही. आधी वजन काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या सेंटीमीटरमधे, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आणि 11,900 ने भागा. घेर 180 आणि लांबी 155 असेल तर 422 किलो येतात. त्याच्या दीड टक्का कोरडा चारा म्हणजे साधारण सव्वासहा किलो रोजचा. आता इथेच लोक चुकतात, कारण हे वजन पाणी सोडून आहे. वाळलेलं गवत असेल तर साडेसात किलोच्या आसपास होईल, पण प्लास्टिकमधे गुंडाळलेला ओलसर गठ्ठा वापरत असाल, ज्यात कोरडा भाग 65 टक्केच आहे, तर जवळजवळ पावणेदहा किलो लागेल. सामान मोजायचा हुकवाला काटा घ्या आणि जाळी त्याला अडकवून रोज मोजा. दीड टक्क्याच्या खाली डॉक्टरला विचारल्याशिवाय जायचं नाही, घोड्याचं पोट तासन्‌तास रिकामं राहिलं तर अल्सर होतो, रक्तात चरबी चढते, ते वेगळंच संकट.

तेवढाच चारा बारीक भोकांच्या जाळीत भरून चार वेळेला दिलात तर दिवसभर तोंड चालू राहतं. शक्य असेल तर चाऱ्याची लॅबमधे तपासणी करा, अशा घोड्यांना साखर कोरड्या भागाच्या 10 टक्क्यांच्या आत हवी. जास्त असेल तर गवत तासभर थंड पाण्यात भिजवून पाणी फेकून द्यायचं, थोडी साखर निघते, सगळी नाही. चंदी, गाजरांच्या बादल्या, सफरचंदं, सगळं बंद. इथली माती सेलेनियमला गरीब आहे म्हणून मिनरल मात्र मोजून द्या, तेही डोळे झाकून नाही कारण सेलेनियम जास्त झालं तर विषारी.

आणि कुरण. वसंतातलं कोवळं गवत तर आहेच, पण रात्री थंडी आणि सकाळी लख्ख ऊन असलं की गवत वाढत नाही आणि साखर नुसती साठवत बसतं, त्यामुळे दव गोठलेल्या सकाळी बाहेर सोडणं सगळ्यात वाईट. तोंडाला चराईची जाळी लावा किंवा गवत नसलेल्या वाड्यात ठेवा.

रोज एक करा, खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघा. निरोगी पायात ती जेमतेम लागते. जोरात उडत असेल, खूर गरम असेल, घोडी पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभी असेल तर लगेच डॉक्टर, उद्या सकाळी नाही. ते येईपर्यंत पुढचे खूर बर्फाच्या पाण्यात, खाली मऊ अंथरूण, आणि चालवायचं अजिबात नाही.

प्रश्न: पावसात ब्लँकेट घालावं का? – एक वाचक, फ्लोरो

उत्तर: धडधाकट फ्योर्डला नाही. दिवस लहान व्हायला लागले की दुहेरी कोट येतो, वरचे केस पाणी खाली सोडतात आणि आतले ऊब धरतात, ब्लँकेटने तो कोट चपटा होतो आणि उलट गारठतो. हवं ते छप्पर, वारा अडवणारी भिंत आणि पायाखाली कोरडी जागा. आपल्या या किनाऱ्यावर वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे अंगापेक्षा पाय आधी कुजतात, टाचेच्या वरच्या केसांत हात घालून खपल्या लागतात का ते बघत जा. म्हाताऱ्या, बारीक झालेल्या किंवा आजारी घोड्याची गोष्ट वेगळी, त्याला खुशाल घाला.

प्रश्न: घोडा 23 वर्षांचा आहे, आता बसता येत नाही. चांगल्या घरी फुकट देतो अशी जाहिरात टाकावी का? – एक वाचक, द्रामेन

उत्तर: नको. फुकटचा म्हातारा घोडा न्यायला जो अनोळखी माणूस ताबडतोब येतो त्याच्याकडे त्याचं पुढे काय होतं हे तुम्हाला कधीच कळत नाही, दुखण्याच्या गोळ्या देऊन परत विकल्याचेही प्रकार होतात. ओळखीचं घर असेल आणि लेखी करार असेल, परत घ्यायची अट असेल, तर विचार करा. नाहीतर सांभाळा, आणि सांभाळणं झेपतच नसेल तर त्याच्याच तबेल्यात, ओळखीच्या माणसांसमोर शेवट करा, ऐकायला कठोर वाटतं पण तेच जास्त मायेचं आहे. नॉर्वेच्या 2009 च्या प्राणीकल्याण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की माणसाला उपयोग असो नसो, प्राण्याला स्वतःचं मोल आहे. वीस वर्षं पाठीवर बसल्यावर एवढं तर आपण देणं लागतो.

प्रश्न: आमची घोडी 29 वर्षांची. कुशिंग (म्हातारपणी होणारा हार्मोनचा आजार) आहे, रोज गोळी चालू आहे, मागच्या दोन्ही पायांचे सांधे गेलेत. डॉक्टर म्हणतात निर्णय तुमचा. नवरा म्हणतो ती खाते ना, मग एवढा हिवाळा बघू. मला रात्र रात्र झोप नाही. वेळ झाली हे कसं कळतं? आणि त्या दिवशी नक्की काय होतं ते कुणी स्पष्ट सांगतच नाही. – एक वाचक, मोल्दे

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी "ती खाते ना" याबद्दल बोलू. फ्योर्ड खातच असतो. पाय मोडला तरी समोर गवत असेल तर खाईल, त्यामुळे खाण्यावरून ठरवायचं म्हटलं तर वेळ कधीच येणार नाही. घोडा मुळातच दुखणं लपवणारं जनावर, शिकार होणाऱ्या जनावराने लंगडून दाखवलं की संपला, आणि ही जात त्यातही सोशिक. ती तुम्हाला सांगेल याची वाट बघू नका, ती सांगणार नाही.

म्हणून दुसरीकडे बघा. सकाळी तबेल्यात गेलात की तिच्या कुशीवर, पुठ्ठ्यावर भुसा लागलाय का? घोडा उभ्याने डुलकी घेतो पण गाढ झोपेला त्याला आडवं व्हावंच लागतं, रोज अर्धा तास तरी. सांधे गेलेली घोडी आडवी व्हायला घाबरते, उठता येणार नाही म्हणून. मग काही दिवसांनी उभ्या उभ्याच झोप लागते, पुढचे पाय लटपटतात आणि ती कोसळता कोसळता सावरते, पुढच्या पायांच्या घोट्यावर समोरून केस गेलेले, खरचटलेले दिसतात. हे दिसत असेल तर ती कित्येक दिवस झोपलेली नाही. गवताच्या अर्धवट चावलेल्या गोळ्या खाली पडल्यात का बघा, म्हणजे दातांनी काम सोडलंय, तेवढंच असेल तर भिजवलेल्या खाण्यावर निभतं. बाकीच्यांपासून बाजूला उभी राहते का, खरारा करताना पूर्वी मान लांबवायची ती आता नको म्हणते का, दोन पायांवरचा भार सारखा बदलते का. कॅलेंडरवर रोज एक खूण करा, चांगला दिवस की वाईट, आणि तुम्ही दोघांनी वेगवेगळं करा, एकमेकांचं न बघता. महिन्याभराने दोन्ही शेजारी ठेवलीत की वाद बराचसा मिटतो.

हिवाळ्याबद्दल माझं मत विचाराल तर मी आधीच्या बाजूने आहे. कुशिंगवाल्यांना शरद ऋतूत लॅमिनायटिसचा धोका वाढतो, आणि पुढे बर्फ. जानेवारीत रात्री ती बर्फावर घसरून पडली, उठता येत नाहीये, डॉक्टर फेरीबोटीच्या पलीकडे आहेत आणि तुम्ही टॉर्च घेऊन तिच्या डोक्याशी बसलायत, हा शेवट टाळणं आपल्या हातात आहे. कोरड्या जमिनीवर, दिवसाउजेडी, तिला ठाऊक असलेल्या माणसांत झालेलं बरं. यजमानांना माझं नाव सांगून हे वाचून दाखवा हवं तर.

आता त्या दिवसाचं. आधी झोपाळू करणारं इंजेक्शन देतात, तिची मान खाली येते. मग मानेच्या शिरेतून औषधाचा मोठा डोस, आणि साधारण मिनिटभरात ती खाली जाते. चारशे किलोचं अंग आहे, कधी हळू बसतं कधी धाडकन पडतं, म्हणून दोर डॉक्टरांच्या किंवा त्यांच्या माणसाच्या हातात असू द्या आणि तुम्ही समोर उभ्या राहू नका. ती खाली गेली की मग जवळ जा. डोळे उघडेच राहतात. नंतरही एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर येऊ शकते, ती तेव्हा तिथे नसते, शरीराचं आपलं चालू असतं. डॉक्टर छातीला नळी लावून आणि डोळ्याला बोट लावून खात्री करतात. दुसरा मार्ग बंदुकीच्या गोळीचा, माहितगार माणसाने घातली तर क्षणात होतं, ऐकायला भयंकर पण घोड्यासाठी वाईट नाही. इंजेक्शनच्या औषधाचा अंश देहात राहतो आणि कुत्रे, कोल्हे, गरुड यांना तो मारक असतो, म्हणून देह उघड्यावर एक रात्रही ठेवायचा नाही.

त्यामुळे आधीच ठरवा, देह कोण नेणार आणि गाडी कुठपर्यंत येते, त्याच जागी तिला उभी करा. गाडायचं असेल तर मात्तिल्सीनेला, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याला, आणि तुमच्या कोम्युनेला, म्हणजे नगरपालिकेला, आधी विचारून ठेवा, विहीर आणि ओढ्याजवळ तर नाहीच, आणि जमीन गोठली की खणणं होत नाही हेही लक्षात घ्या. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा, नंतर कळवलं की वाद. नाल हवी असेल तर नालबंदाला आदल्या दिवशी बोलवा, शेपटीचे केस हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच कापून घ्या, त्या दिवशी हात चालत नाही. घोडीचा पासपोर्ट ज्यांनी दिला त्यांना परत जातो.

आणि त्या सकाळी वजनकाटा बाजूला ठेवा. वर्षानुवर्षं जे तिला नाकारलंत ते सगळं द्या, कुरणातल्या सगळ्यात हिरव्या कोपऱ्यात सोडा, गाजरांची बादली ठेवा, काय होईल ते होवो.

प्रश्न: दोन घोड्या होत्या, मोठी मागच्या आठवड्यात गेली. धाकटी सारखी खिंकाळते, कुंपणाकडे धावते. लगेच दुसरी आणावी का? – एक वाचक, ओलेसुंड

उत्तर: सोबत लगेच हवी, दुसरी घोडी लगेच नको. शेजाऱ्यांकडून शांत स्वभावाचा एखादा घोडा महिनाभर उसना आणा किंवा धाकटीलाच त्यांच्याकडे ठेवा, विकत घ्यायचं नंतर बघू, रडक्या मनाने घेतलेला घोडा बहुतेक चुकतो. ज्यांची वेळ अजून यायचीय त्यांच्यासाठी सांगते, गेलेलीला नेण्याआधी मागे राहणारीला अर्धा तास तिच्यापाशी सोडा, वास घेऊ दे, काही जणी हुंगून सरळ चरायला जातात, काही खूप वेळ उभ्या राहतात, पण सहसा असं शोधत फिरत नाहीत. तुमची तर वेळ गेली, आता नेहमीची वेळ, नेहमीचा चारा, नेहमीची माणसं एवढं सांभाळा. धावून घामेजली असेल तर पाणी जास्त ठेवा. चारा किती संपला आणि लीद किती पडली हे दोन्ही रोज बघा, लीद कमी झाली, सुकी झाली किंवा ती पोटाकडे वळून बघायला लागली तर दुःख म्हणून सोडून देऊ नका, पोटशूळ असू शकतो, लगेच डॉक्टरांना फोन करा.